नाचणी पेरायची वेळ

गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी नेमकी कधी पेरायची, यावरून आमच्या घरात दरवर्षी वाद व्हायचा. गोठा म्हणजे नाताळचा गोठा: बाळ येशू, मरीया, योसेफ, दोन मेंढपाळ, एक गाय आणि कान तुटलेलं एक गाढव. त्यांच्या पायाखाली गवत हवं आणि ते विकतचं प्लास्टिकचं नको, हा आईचा दंडक. मग जुन्या पत्र्याच्या ताटात बोटभर माती घ्यायची, रात्रभर भिजवलेली नाचणी तीवर दाट पसरायची आणि वर ओलं फडकं टाकायचं. दोन-तीन दिवसांनी फडकं उचललं की पांढुरके मोड दिसतात. मग हिरव्या सुया. दहा-बारा दिवसांत एवढं दाट गवत होतं की वर मातीचं मेंढरू ठेवलं तर ते खाली टेकत नाही, तरंगल्यासारखं उभं राहतं.

दादाला धीर नव्हता. धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या, गोठ्यांच्या स्पर्धेत बक्षीस मिळवायचं म्हणून तो डिसेंबरच्या पहिल्या तारखेलाच पेरून मोकळा व्हायचा. पंधरा तारखेला त्याचं गवत बघायला आळीतली पोरं यायची. चोवीस तारखेपर्यंत ते पिवळं पडून एका अंगाला लोळलेलं असायचं. मी याच्या अगदी उलट. आज पेरू, उद्या पेरू करत वीस तारीख उजाडायची आणि नाताळच्या रात्री माझ्या मेंढपाळांच्या पायाशी नुसते मोड.

आई तारीख कधीच सांगायची नाही. मातीत अंगठा खुपसून बघायची, पहाटे अंगणात उभी राहून गारवा किती आहे ते जोखायची आणि एक दिवस म्हणायची, "आज भिजत घाल." हे तिला कसं कळायचं ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आम्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यातले. इथे नाताळच्या आधीच्या आठवड्यांना आगमनकाळ म्हणतात. पंचवीस डिसेंबरच्या आधीचे चार रविवार मोजायचे आणि दर रविवारी चर्चमधल्या चक्रावर एक मेणबत्ती पेटवायची. नाताळ कोणत्या वारी येतो त्यावर हा काळ कधी २२ दिवसांचा होतो, कधी २८. २०२३ साली तर चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरलाच आला; सकाळी चौथी मेणबत्ती पेटली आणि रात्री नाताळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. या दिवसांत फादरांचा झगा जांभळा असतो, रविवारच्या मिस्सेत ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत. तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी रंग येतो, आनंदाचा रविवार म्हणून. थोडक्यात, हा सण नव्हे, सणाची वाट. आणि वाट बघायला आम्हाला कोणालाच आवडत नाही. नोव्हेंबर संपायच्या आधीच रस्त्यांवर चांदण्यांच्या माळा लागतात, दुकानांत घंटांची गाणी सुरू होतात. मी तक्रार करतो खरा, पण आमच्या गॅलरीतला कंदीलही गेल्या वर्षी अठ्ठावीस नोव्हेंबरलाच लागला होता आणि तो मीच लावला होता.

चार मेणबत्त्यांच्या त्या चक्राची गोष्ट मला फार आवडते. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिक विखर्न नावाचे एक धर्मोपदेशक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत होते. डिसेंबर लागला की पोरं रोज विचारायची, नाताळ कधी? आज आहे का? उद्या आहे का? विखर्न शेवटी कंटाळले असणार. त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल. रोज एक पेटवायची. 'कधी?' या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं नाही, मोजायला काहीतरी दिलं. आज चर्चमध्ये ते चक्र हिरव्या फांद्यांनी सजलेलं, नाजूक दिसतं. मुळात ते बैलगाडीच्या चाकासारखं दणकट लाकूड होतं, हे आठवलं की मला बरं वाटतं. आमच्या विहिरीवरच्या मोडक्या रहाटाचं चाक अजून मागच्या पडवीत पडून आहे. एखाद्या वर्षी ते वापरून बघायला हवं.

आता मुद्द्यावर येतो. दादात आणि माझ्यात सहा वर्षं अबोला होता.

कारण तेच, जे आमच्या भागात दर तिसऱ्या घरात असतं. बाबा गेले, सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं चढली. बावखलाकडची पट्टी विकावी असं दादाला वाटत होतं, मला वाटत नव्हतं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. एके काळी केळी, पानवेली, फुलझाडं सगळी त्याच पाण्यावर जगायची. आता कितीतरी बावखलं बुजवली गेली आणि त्यांवर इमारती उभ्या राहिल्या. दादाला मुलाच्या घरासाठी पैसे हवे होते. माझी सही हवी होती. मी सही दिली नाही. त्यावरून जे बोललं गेलं त्यात कोणाचं चुकलं हे इथे लिहीत नाही. लिहिलं तर माझीच बाजू उतरेल.

घरं शेजारी शेजारी, मध्ये मेंदीचं कुंपण. कुंपणाला एक खिंडार. जावाजावांचा अबोला कधीच नव्हता. सुरुवातीला मुलं आणि पुढे त्यांची मुलं त्या खिंडारातून ये-जा करत राहिली. तिकडून फुग्यांचा, म्हणजे तळलेल्या गोल पावांचा, डबा यायचा, इकडून रश्श्याचं पातेलं जायचं. दादा आणि मी मात्र एकमेकांच्या घरचं खायचो आणि रस्त्यात समोर आलो की मोबाइल बघायचो. आई गेली तेव्हा पेटीचा पुढचा डावा कोपरा त्याच्या खांद्यावर होता, उजवा माझ्या. चर्चपर्यंत पाऊल मिळवून चाललो. बोललो नाही.

दुसऱ्या वर्षी मी एकदा प्रयत्न केला होता. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात सगळे एकमेकांना शुभेच्छा देत होते. मी सरळ दादापुढे जाऊन हात पुढे केला. त्याने हाताकडे बघितलं, वहिनीला म्हणाला, "चल, दव पडतंय," आणि निघून गेला. मला भयंकर राग आला. मी केवढा मोठेपणा दाखवला आणि त्याने काय केलं! पुढे कितीतरी महिन्यांनी लक्षात आलं, की त्या क्षणी माझं निम्मं लक्ष कोण कोण बघतंय याकडे होतं. दादाच्या ते तिथल्या तिथे लक्षात आलं असणार. मोठा भाऊ आहे तो, मला लहानपणापासून ओळखतो.

त्यानंतर मी एक वाक्य पकडलं. कोणी विषय काढला की म्हणायचो, "देवाच्या वेळी होईल."

या वाक्यावर कोणी उलट बोलत नाही, ही त्याची गंमत आहे. समोरच्याला वाटतं, किती श्रद्धा! खरं तर माझ्यासाठी त्याचा अर्थ होता, मी काही करणार नाही. जे कागद नको असतात ते आपण फायलीत घालून ठेवतो तसा मी दादाला देवाच्या फायलीत घातला होता. आणि हेच वाक्य आपण दुसऱ्यांना तर किती सहज देतो. ज्यांना मूल नाही त्यांना, ज्यांची मुलगी लग्नाची आहे त्यांना, ज्यांच्या घरात आजारपण हलत नाही त्यांना. माझं आता असं मत झालंय की हे वाक्य फक्त स्वतःविषयी म्हणावं आणि तेही वेळ उलटून गेल्यावर, मागे बघून. दुसऱ्याच्या दुःखाकडे बघून ते म्हणू नये.

गेल्या वर्षी आगमनकाळात कन्फेशनला गेलो. जाळीपलीकडच्या फादरांना सगळं सांगितलं: पट्टी, सही, आवारातला तो हात, आईची मयत. चांगली दहा मिनिटं. फादर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्ही मला तुमच्या भावाची पापं सांगितलीत. ती सांगायला ते स्वतः येतील. तुमची कोणती?"

मी गप्प झालो. बाहेर रांगेत माणसं होती, एक बाई खोकत होती. सुचेना. शेवटी जे तोंडाला आलं ते म्हणालो, "मी रोज मनात त्याच्याशी भांडतो, फादर."

"रोज?"

"सकाळी झाडांना पाणी घालताना."

ते खरं होतं. मी रोज सकाळी नळी धरून उभा राहायचो आणि मनातल्या मनात खटला चालायचा. त्याचा मुद्दा, माझा मुद्दा, माझं बिनतोड उत्तर. जास्वंदीपासून अबोलीपर्यंत मी पाच-सहा वेळा जिंकायचो. अबोलीच्या आळ्यात पाणी साचायचं तरी कळायचं नाही. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून काही मोठं सांगितलं नाही. नाताळपर्यंत पाणी घालताना तेवढं भांडायचं नाही, एवढंच.

लहानपणी शाळेतल्या सिस्टर आम्हाला एक गोष्ट करायला लावायच्या. आगमनकाळात एक चांगलं काम केलं की गव्हाणीत एक काडी टाकायची, म्हणजे नाताळच्या रात्री बाळाला मऊ अंथरूण. दादा गोठ्यातल्या म्हशीपुढची अख्खी पेंढी उचलून आणायचा. मला वाटलं आपणही मोजावं. भांडण न करता पाणी घालून झालं तर एक काडी. एकोणीस दिवसांत माझ्या गव्हाणीत तीन काड्या पडल्या. एक तर त्या दिवशी पाणीच आलं नव्हतं म्हणून.

'काळाची पूर्णता झाली तेव्हा देवाने आपल्या पुत्राला पाठवलं,' असं बायबलमध्ये संत पौलाने गलतीकरांना पत्रात लिहिलं आहे. यावरचं प्रवचन मी बऱ्याचदा ऐकलंय: रोमन साम्राज्यात शांतता होती, रस्ते बांधलेले होते, ग्रीक भाषा सगळीकडे चालत होती, म्हणून शुभवर्तमान पसरायला वेळ योग्य होती. असेल. पण मरीयेच्या बाजूने बघितलं तर? त्याच रोमच्या बादशहाने नावनोंदणीचा हुकूम काढला आणि दिवस भरलेल्या बाईला नाझरेथहून बेथलेहेमला जावं लागलं. शंभराहून जास्त किलोमीटर, डोंगरांतून. पोचल्यावर उतारशाळेत जागा नाही. देवाची वेळ माणसाच्या सोयीची असते असं मला तरी बायबलमध्ये कुठे सापडलेलं नाही. सरकारी हुकमाच्या पाठीवर बसून, नको त्या वेळी, नको त्या जागी येते ती.

या सगळ्यात मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. टिळक प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक. पण 'स्मृतिचित्रे' आमच्या घरात होतं आणि आई ते दुपारी आडवी होऊन वाचायची, मध्येच एकटीच हसायची. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन गेली. नवराबायको कित्येक वर्षं वेगळी राहिली. पुढे त्या त्यांच्याकडे आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळंओवळं काही काळ चालूच होतं. ते त्यांचं त्यांच्या पायरीने सुटत गेलं. टिळकांचा स्वभाव तापट म्हणून प्रसिद्ध, पण या एका बाबतीत त्यांनी बायकोला ओढलं नाही. पुढे टिळक १९१९ साली गेले आणि त्यांचं येशूवरचं काव्य 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं. त्यांनी लिहिले होते सुरुवातीचे थोडे अध्याय. त्यापुढचे ६४ लिहिले लक्ष्मीबाईंनी, ज्या लहानपणी शाळेत गेल्या नव्हत्या. टिळकांना कोणी आधी सांगितलं असतं की तुमचं काव्य तुमची ही बायको पुरं करणार आहे, तर ते किती मोठ्याने हसले असते कोण जाणे.

तर एकोणीस डिसेंबर. त्या दिवशी सकाळच्या मिस्सेत दरवर्षी जखऱ्याची गोष्ट वाचली जाते. म्हातारा याजक, बायको अलीशिबा, मूल नाही. चिठ्ठी निघून धूप जाळायची पाळी त्याच्यावर येते, तो मंदिरात आत जातो, तिथे देवदूत सांगतो की तुला मुलगा होणार. जखऱ्या म्हणतो, हे कशावरून समजू? मी म्हातारा, बायको वयस्क. देवदूत म्हणतो, माझी वचनं 'यथाकाली' पूर्ण होतील. तू विश्वास ठेवला नाहीस, म्हणून ते घडेपर्यंत तुला बोलता येणार नाही.

ही गोष्ट मी पन्नास वर्षं ऐकत आलोय. दरवर्षी वाटायचं, केवढीशी शंका आणि केवढी शिक्षा. या वेळी दुसरंच काहीतरी दिसलं. ज्याचा धंदाच शब्दांचा, त्याचे शब्द काढून घेतले आणि त्याला घरी पाठवलं. घरात आनंदाची बातमी वाढतेय आणि हा नुसता बघतोय. कोणाला पटवायचं नाही, खुलासा करायचा नाही. नऊ-दहा महिने पूर्ण रजा. शुभवर्तमानात लूकने पुढे एक मजेशीर तपशील दिलाय: बाळाचं नाव काय ठेवायचं, हे नातेवाईक जखऱ्याला खुणा करून विचारतात. बिचारा फक्त मुका होता, पण लोकांनी त्याला बहिराही ठरवून टाकला. मग तो पाटी मागवतो आणि लिहितो, 'ह्याचे नाव योहान आहे.' इतक्या महिन्यांनंतर पहिलं वाक्य आणि त्यात स्वतःविषयी एक अक्षर नाही. त्यानंतर त्याची जीभ सुटते. हा पाटीचा भाग २३ डिसेंबरला वाचतात.

आमचा अबोला तसा नव्हता. आमचं फक्त तोंड बंद होतं, आत बाजार भरलेला. घरी आलो, नळी घेतली आणि त्या दिवशी खटला आपोआपच उभा राहिला नाही. राहिला असेलही, पण वकील आला नाही म्हणू या. गव्हाणीत चौथी काडी.

नाचणी मात्र मी नेहमीप्रमाणे उशिरा पेरली होती. बारा तारखेला आठवण झाली, चौदाला भिजवली, पंधराला पेरली. आई असती तर कधीच अंगठा खुपसून झाला असता तिचा. एकवीस तारखेला जेमतेम दोन बोटं उंची आली होती. सकाळचं ऊन लागावं म्हणून ताट घराच्या मागच्या भिंतीशी ठेवलं, विहिरीची मोटार चालू केली आणि आत येऊन कंदिलाची वायर दुरुस्त करत बसलो. टाकी भरायला वीस मिनिटं लागतात. मी वायरीत रमलो. घरात कोणी नव्हतं.

आणि कुंपणापलीकडून आवाज आला, वाडीभर ऐकू जाईल असा:

"अरे, मोटार बंद कर! नाचणी वाहून चाललीय!"

मी धावलो. टाकीचं पाणी गच्चीवरून थेट ताटात कोसळत होतं. मोटार बंद केली. अर्धं गवत मुळांसकट माती सोडून अंगणात पसरलं होतं. खिंडाराशी दादा उभा होता, गळ्यात टॉवेल, एका गालाला दाढीचा साबण.

"केली," मी म्हणालो. सहा वर्षांनंतरचा माझा पहिला शब्द.

त्याने ताटाकडे बघितलं. "उशिराच पेरलीस की."

"हो."

"अजून तसाच आहेस," म्हणाला आणि राहिलेली दाढी करायला आत गेला.

ही गोष्ट तेवीस तारखेला, पाटीच्या दिवशी घडली असती तर लिहायला फार बरं झालं असतं. पण एकवीसच होती. आणि त्यानंतर काही गळाभेट वगैरे झालेली नाही. पट्टीचा कागद अजून तसाच आहे, त्यावर माझी सही नाही, पुढेही मी करेन असं वाटत नाही. दादाला हे माहीत आहे. हल्ली रस्त्यात भेटलो की तो "काय?" म्हणतो, मी "काही नाही" म्हणतो.

त्या दिवशी संध्याकाळी त्याचा नातू खिंडारातून आला. हातात बुटांच्या खोक्याचं झाकण, त्यात प्लास्टिकवर नाचणी. "आजोबांनी दिलीय. म्हणाले, तुमची बुडाली." मी झाकण हातात घेतलं. वीतभर वाढलेलं गवत, पिवळं पडलेलं, सगळं एका अंगाला लोळलेलं. पहिल्या तारखेलाच पेरली असणार.

माझं उरलेलं हिरवं गवत पुढे ठेवलं, गव्हाणीभोवती. मागे, कान तुटलेल्या गाढवाच्या बाजूला, दादाची नाचणी उभी केली. ती काही सरळ राहीना. गाढवालाच टेकवली.